हॉपरमध्ये चार टक्के, रोलमध्ये सव्वा: कार्व्हाक्रॉल घातलेल्या फिल्मचं प्रकरण

परिस्थिती

ताजी फळं आणि भाज्या भरायच्या पिशव्यांसाठी ५० मायक्रॉनची एलडीपीई (कमी घनतेचं पॉलिथिलीन) ब्लोन फिल्म, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक गोल डायमधून (साच्याच्या तोंडातून) काढून फुग्यासारखं फुगवून केलेली. तिच्यात ४ टक्के ओरेगॅनो तेल घालायचं, त्यातलं कार्व्हाक्रॉल हे बुरशीरोधक द्रव्य पिशवीतल्या हवेत हळूहळू सुटेल आणि बुरशीला आवर बसेल, असा बेत. प्रयोगशाळेत तो जमलाही होता. हॉट प्रेसवर १५० अंश सेल्सियसला तीन मिनिटं दाबून काढलेल्या पट्टीभोवती आगरवर (बुरशी वाढवायच्या जेलीवर) बुरशी वाढली नाही, स्वच्छ कडं पडलं.

मग कृती मोठ्या यंत्रावर गेली. तेल एलडीपीईच्या दाण्यांवर ओतून ड्रममध्ये घुसळलं, १९० अंशांना ट्विन स्क्रूमधून (प्लास्टिक वितळवून मिसळणाऱ्या दोन स्क्रूंच्या यंत्रातून) २० टक्के तेलाचा मास्टरबॅच, म्हणजे पुढे साध्या प्लास्टिकात मिसळायचं दाट मिश्रण, काढला, स्ट्रँड (बाहेर पडणाऱ्या प्लास्टिकच्या दोऱ्या) पाण्याच्या टाकीतून नेऊन कापल्या आणि दाणे ७० अंशांच्या गरम हवेत चार तास वाळवले. हा मास्टरबॅच साध्या एलडीपीईत २० टक्के मिसळून १९० अंशांना फिल्म फुगवली. ट्विन स्क्रू सुरुवातीपासूनच धड चालत नव्हता: फीड झोनमध्ये तेलकट दाणे बॅरलच्या भिंतीला धरेनात, स्क्रू नुसता फिरे, मग एकदम मोठा घास घेई. मोटरचा लोड आणि डायचं प्रेशर सतत वरखाली. फिल्म लाइनवर डायच्या तोंडाशी निळसर धूर आणि सगळ्या शेडमध्ये वास. तीन आठवड्यांनी त्याच रोलच्या पट्ट्या आगरवर ठेवल्या तर बुरशी पट्टीच्या कडेपर्यंत वाढली.

पहिलं निदान अशा वेळी नेहमी असतं तेच झालं, तापमान जास्त झालं आणि तेल जळलं. उपायही नेहमीचा सुचवला गेला, डोस ६ टक्के करा. निदान अर्धं चूक होतं, उपाय पूर्ण चूक.

(प्रकरण नमुन्यादाखल मांडलं आहे. घटीचे आकडे हिशेब दाखवण्यासाठी धरलेले आहेत. उत्कलनबिंदू, बाष्पदाब, घनता हे पदार्थांचे गुणधर्म आहेत तेच.)

तेल गेलं कुठे

पहिली गफलत कागदावरच होती. ओरेगॅनो तेल म्हणजे कार्व्हाक्रॉल नव्हे. या तेलात ७० टक्के कार्व्हाक्रॉल होतं. उरलेल्यात मुख्यतः पॅरा-सायमीन, गॅमा-टर्पिनीन आणि थोडं थायमॉल, म्हणजे ओव्याचं फूल म्हणतात ते. त्यामुळे ४ टक्के तेल म्हणजे फिल्ममध्ये २.८ टक्के कार्व्हाक्रॉल, आणि मास्टरबॅचमध्ये १४ टक्के. पुढचा सगळा हिशेब इथून सुरू करायचा. शिवाय तेल पिकागणिक बदलतं, म्हणून प्रत्येक पिंप आल्यावर जीसी (गॅस क्रोमॅटोग्राफी, घटक वेगळे करून मोजायची चाचणी) करून कार्व्हाक्रॉलचा आकडा स्वतः काढायचा, पुरवठादाराच्या कागदावर विसंबायचं नाही.

नमुने पाच ठिकाणी घेतले: भरलेला माल, ट्विन स्क्रूच्या डायमधून निघालेली स्ट्रँड पाण्यात जाण्याआधी, वाळवणीनंतरचे दाणे, गुंडाळताना कापलेली फिल्म, आणि २१ दिवसांनी त्याच रोलचे बाहेरचे व आतले वेढे. प्रत्येक नमुना कापल्या कापल्या काचेच्या बाटलीत, पीटीएफई (टेफ्लॉन) अस्तराच्या झाकणाखाली. प्लास्टिकच्या झिप पिशवीत ठेवलेला नमुना बाद धरायचा, कारण ती पिशवीच कार्व्हाक्रॉल ओढून घेते.

१ ग्रॅम फिल्म बारीक कापून २० मिलिलिटर आयसोऑक्टेनमध्ये ४० अंशांना २४ तास ठेवायची, द्रव काढून घेऊन ताजं आयसोऑक्टेन घालायचं, असं तीनदा. तिसऱ्या धावनात एकूणच्या २-३ टक्क्यांहून जास्त निघालं तर चौथं धावन करायचं. इथानॉल वापरायचा मोह होतो, पण ते एलडीपीईला नीट फुगवत नाही, आतलं कार्व्हाक्रॉल आतच राहतं आणि घट खरीपेक्षा मोठी दिसते. मास्टरबॅचचे दाणे आधी गोठवून दळून घ्यावे लागतात. जीसीसाठी अंतर्गत मानक (तुलनेसाठी ठरावीक प्रमाणात मिसळायचा पदार्थ) म्हणून काही जण थायमॉल घेतात, ते रेणूने जवळचं म्हणून. ओरेगॅनो तेलात ते मुळातच असतं, त्यामुळे सगळं गणित बिघडतं. डोडेकेन घ्यावं.

कार्व्हाक्रॉलची टक्केवारी अशी निघाली. मास्टरबॅचमध्ये भरलं १४.०, ट्विन स्क्रूच्या तोंडाशी उरलं १०.९, वाळवणीनंतर ८.६. फिल्ममध्ये त्यामुळे १.७२ यायला हवं होतं, आलं १.३०. तीन आठवड्यांनी रोलच्या बाहेरच्या वेढ्यांत ०.६, आतल्या वेढ्यांत १.२. आगरवर फसलेल्या पट्ट्या बाहेरच्या वेढ्यांतल्या होत्या.

जळलं की उडालं, हे जीसीच्या आलेखातच लिहिलेलं असतं. पॅरा-सायमीन १७७ अंशांना उकळतं, गॅमा-टर्पिनीन १८३ च्या आसपास, कार्व्हाक्रॉल २३७ ला. फिल्ममधून पहिली दोन जवळपास नाहीशी झाली होती आणि कार्व्हाक्रॉल निम्म्याखाली आलं होतं, म्हणजे हलकं आधी, जड नंतर. ही बाष्पीभवनाची खूण. ऑक्सिडेशन झालं असतं तर थायमोक्विनोनचा ठळक पीक (आलेखातला उंचवटा) दिसला असता आणि फिल्म पिवळी पडली असती. पीक होता, पण नगण्य.

राहिलेली शंका ट्विन स्क्रूच्या व्हॅक्यूम व्हेंटने मिटवली. पंपाच्या आधीचा सापळा उघडला तर तळाशी पाणी आणि वर पिवळसर तेलाची साय. बॅच ५० किलोंची, सापळ्यात तेल दोन लिटरच्या आसपास. व्हेंट असतो दमटपणा आणि अडकलेली हवा काढायला. त्याला पाणी आणि कार्व्हाक्रॉल यांतला फरक कळत नाही.

तापमानापेक्षा उघडा पृष्ठभाग

शुद्ध कार्व्हाक्रॉलचा बाष्पदाब १९० अंशांना अंदाजे पाव वातावरण असतो, १५० ला सात शतांश, १३० ला तीन शतांश. म्हणजे तापमान उतरवण्याचा फायदा नक्की आहे. पण बॅरलमध्ये आणि डायमध्ये वितळलेला माल कितीतरी वातावरणांच्या दाबाखाली, चारी बाजूंनी बंद असतो. तिथे वाफेला जायला जागाच नसते. पदार्थ निसटतो तो जिथे वितळ उघडी पडते तिथे: व्हेंटखाली, डायच्या तोंडाशी, फ्रॉस्ट लाइनपर्यंतच्या (जिथे फिल्म थिजते त्या रेषेपर्यंतच्या) गरम बबलवर, म्हणजे फुगवलेल्या फिल्मच्या नळीवर. आणि नंतर घन अवस्थेत, गरम हवेच्या ड्रायरमध्ये.

प्रयोगशाळेतली पट्टी का यशस्वी झाली तेही यातच आलं. हॉट प्रेसमध्ये माल दोन पीटीएफई पत्र्यांत बंद होता, उघडा पृष्ठभाग फक्त कडेला. वर चाचणी त्याच दिवशी झाली. अशा पट्टीवरून ब्लोन फिल्मचा डोस ठरवणं म्हणजे झाकलेल्या पातेल्यावरून उघड्या कढईचा अंदाज बांधणं.

ड्रायरची गोष्ट तर निव्वळ सवयीची. पॉलिथिलीन पाणी पीत नाही. नायलॉन किंवा पीईटी वाळवायची सवय असलेल्या हातांनी इथेही ड्रायर लावला, आणि चार तास पंख्याने कार्व्हाक्रॉल बाहेर काढलं. स्ट्रँडवरचं पाणी एअर नाइफने (हवेच्या जोरदार पातळ झोताने) उडवलं की काम झालं असतं.

मास्टरबॅच नव्याने

तेलाऐवजी ९८ टक्क्यांहून शुद्ध कार्व्हाक्रॉल घेतलं. धूर करणारी हलकी द्रव्यं त्यात नाहीत आणि डोसचा आकडा एकच राहतो. वाहक एलडीपीईऐवजी ईव्हीए (इथिलीन-व्हिनाइल ॲसिटेट), १८ टक्के व्हिनाइल अ‍ॅसिटेटचं. दोन कारणं: ते ८५-९० अंशांच्या दरम्यान वितळतं, त्यामुळे १३० ला आरामात चालतं, आणि त्यातल्या कार्बोनिल गटाशी कार्व्हाक्रॉलचा फिनॉलिक हायड्रॉक्सिल हायड्रोजन बंध बांधतो, म्हणून ते निव्वळ एलडीपीईपेक्षा घट्ट धरलं जातं.

मिश्रण वजनाने: ईव्हीए ७०, हॅलोसाइट १०, कार्व्हाक्रॉल २०.

हॅलोसाइट म्हणजे नळीच्या आकाराची ॲल्युमिनोसिलिकेट माती. ती १०५ अंशांना सहा तास वाळवून घ्यायची. व्हेंट बंद राहणार असल्याने दमट माती इथे चालतच नाही. पाणी वाफ होऊन स्ट्रँडला जाळीसारखी भोकं पाडतं आणि स्ट्रँड तुटत राहते. गार झालेली माती बंद भांड्यात कार्व्हाक्रॉलमध्ये हाय-शिअर मिक्सरने २० मिनिटं घोटायची, मग व्हॅक्यूम दहा मिनिटं आणि परत हवा, असं तीनदा. नळ्यांतली हवा निघते आणि द्रव आत ओढला जातो. भांडं गरम होऊ द्यायचं नाही, नाहीतर या व्हॅक्यूमनेच कार्व्हाक्रॉल जाईल.

इथे एक भ्रम काढून टाकायला हवा. माहितीपत्रकांत लिहिलेलं असतं की पदार्थ नळ्यांच्या ‘आत’ बंद होतो. हिशेब करून पाहा. नळीचा बाहेरचा व्यास ५० ते ६० नॅनोमीटर, आतली पोकळी १५ ते २०. म्हणजे पोकळी एकूण आकारमानाच्या ६ ते १६ टक्के. मातीची घनता २.५ आणि कार्व्हाक्रॉलची ०.९८ धरली तर भरलेल्या नळीच्या वजनात आतलं कार्व्हाक्रॉल जेमतेम ३ ते ७ टक्के भरतं. आपण मातीच्या दुप्पट कार्व्हाक्रॉल घालतोय. म्हणजे बहुतेक सगळं नळ्यांच्या बाहेर, पृष्ठभागाला चिकटलेलं, नळ्यांच्या फटींत आणि ईव्हीएत विरघळलेलं असतं. माती तरीही उपयोगी आहे. ती पृष्ठभागावर पदार्थ धरते आणि पातळ द्रवाचा दाट लगदा करते, त्यामुळे तो स्क्रूमध्ये घसरत नाही. पण ‘नळ्यांतून आठवडेच्या आठवडे सावकाश गळेल’ या आशेवर डोस ठरवू नये.

लगदा मोनो पंपाने (फिरत्या मळसूत्राने दाट द्रव ढकलणाऱ्या पंपाने) टाकायचा, टाकीतलं ढवळणं चालू ठेवून. थांबवलं की माती खाली बसते आणि पुढच्या अर्ध्या तासात नुसतं द्रव जातं. पंपाचा स्टेटर (आतलं रबरी अस्तर) आणि सील कार्व्हाक्रॉलला टिकणारे हवेत. नेहमीचं नायट्राइल रबर फुगतं आणि पंपाचा डोस आपोआप कमी होत जातो, अलार्म वाजत नाही, फक्त मास्टरबॅच सौम्य होतो. सीलला पीटीएफई, नळ्या स्टीलच्या. कार्व्हाक्रॉल कातडी भाजतं, म्हणून चष्मा आणि जाड हातमोजे घालायचे, आणि डाग पडला की हातमोजा लगेच बदलायचा.

ट्विन स्क्रू ४० एल/डीचा (लांबी व्यासाच्या ४० पट). ईव्हीए मुख्य हॉपरमधून ग्रॅव्हिमेट्रिक (वजन मोजून माल टाकणाऱ्या) फीडरने. झोन ९० पासून चढवत १३० पर्यंत, डाय १३०. लगदा चौथ्या झोनला, ईव्हीए पुरतं वितळल्यावर. त्या छिद्राच्या आधी नीडिंग ब्लॉक (माल मळणारे भाग) आणि एक उलट्या आट्यांचा एलिमेंट, म्हणजे स्क्रूत वितळीचा बूच बसतो आणि वाफ मागे हॉपरकडे येत नाही. हा बूच ढिला असेल तर हॉपरच्या गळ्याशी वास येतो आणि ईव्हीएचे दाणे एकमेकांना चिकटून पूल धरतात. छिद्रानंतर मिसळणीचे दोन गट, व्हेंटवर बूच. जाळी ८० मेशची (इंचाला ८० छिद्रांची) पुरे. १२० ची लावली तर मातीच्या गुठळ्यांनी तासाभरात प्रेशर चढतं. तशी चढण दिसली तर जाळी बदलत बसण्यापेक्षा घोटणी नीट करावी.

स्ट्रँड पाण्यातून, एअर नाइफखालून, कटरमध्ये. ईव्हीएचे मऊ दाणे कटरला चिकटतात, म्हणून पाणी १५ अंशांच्या खाली ठेवायचं. कापलेले दाणे लगेच ॲल्युमिनियम फॉइल लॅमिनेटच्या पिशवीत सील. २० टक्क्यांच्या जागी १८.६ हाती आलं.

फिल्म: तीन थर

एकथरी फिल्ममध्ये पदार्थ डायच्या तोंडाशी थेट हवेला भिडतो. तीनथरी लाइनवर तो मधल्या थरात दडवता येतो. बाहेरचा थर १५ मायक्रॉन, एलडीपीईत ३० टक्के एचडीपीई (जास्त घनतेचं पॉलिथिलीन). मधला २५ मायक्रॉन, एलडीपीईत २० टक्के मास्टरबॅच. आतला सील होणारा १० मायक्रॉन, एलएलडीपीई (रेषीय कमी घनतेचं पॉलिथिलीन) आणि एलडीपीई. मधला एक्स्ट्रूडर १५५ अंशांना, बाहेरचे दोन गरजेप्रमाणे १८० पर्यंत. डायमध्ये तिन्ही एकत्र येतात तेव्हा मधला थोडा तापतोच, पण तिथे तो बंद असतो आणि थांबतो काही सेकंदच. डायवरचा धूर थांबला.

मधल्या थरात १८.६ चे २० टक्के म्हणजे ३.७, तो थर जाडीच्या निम्मा, म्हणून पूर्ण फिल्मवर १.८६ यायला हवं. गुंडाळताना १.७५ मिळालं.

आतला आणि बाहेरचा थर ‘बिनतेलाचे’ राहतील असं मात्र समजू नये. एलडीपीईमध्ये विसरण गुणांक (पदार्थ किती वेगाने पसरतो त्याचा आकडा) सेकंदाला १०⁻¹³ चौरस मीटर धरला तर २५ मायक्रॉन पार करायला लागणारा काळ, अंतराचा वर्ग भागिले गुणांक, येतो सुमारे पावणेदोन तास. गुणांक दहापट कमी धरला तरी दिवस पुरतो. म्हणजे दुसऱ्या दिवशी तिन्ही थर जवळपास सारखे असतात. थरांचा उपयोग फिल्म गरम असतानाच्या पहिल्या अर्ध्या मिनिटापुरता, आणि तेवढ्यासाठीच तो मोलाचा आहे.

बाहेरून पॉलीअमाइडचा (नायलॉनचा) थर लावून वाट अडवायची कल्पना अशा वेळी हमखास येते. सावध राहावं. फिनॉल जातीचे द्रव पॉलीअमाइडचे विद्रावक असतात, मेटा-क्रेसॉल त्यासाठीच वापरतात. कार्व्हाक्रॉल त्याच घराण्यातलं, ते पॉलीअमाइडमध्ये शिरून त्याला मऊ करू शकतं.

रोल यंत्रावरून उतरला की तासाभरात फॉइलमध्ये गुंडाळायचा, दोन्ही टोकांच्या चकत्यांसकट. गुंडाळलेल्या रोलमध्ये आतल्या वेढ्यांना जायला वाट नसते, गळती बाहेरच्या वेढ्यांतून आणि कडांमधून. २१ दिवसांनी गुंडाळलेल्या रोलच्या आतल्या वेढ्यांत १.७ होतं. वापरताना बाहेरचे काही वेढे काढून टाकायचे आणि चाचणीचा नमुना त्यांत घ्यायचा नाही. छपाई असेल तर कोरोना उपचार (शाई धरावी म्हणून पृष्ठभागावर विजेचा मारा) आणि छपाई एका दमात उरकावी, कारण पृष्ठभागावर येणारं कार्व्हाक्रॉल डाइन पातळी (पृष्ठभागाची शाई धरायची क्षमता) लवकर उतरवतं.

किती पुरतं

१ चौरस डेसिमीटर फिल्मचं वजन ०.४६ ग्रॅम, म्हणजे १.७५ टक्क्यांनी त्यात कार्व्हाक्रॉल ८ मिलिग्रॅम. २० बाय २० सेंटीमीटरच्या पिशवीत दोन्ही बाजू धरून ८ चौरस डेसिमीटर, एकूण ६४ मिलिग्रॅम. आता आतली हवा अर्धा लिटर धरा. २५ अंशांना कार्व्हाक्रॉलचा बाष्पदाब सुमारे ४ पास्कल, म्हणजे संपृक्त हवेतही लिटरला पाव मिलिग्रॅमच मावतं. अर्ध्या लिटरमध्ये ०.१२ मिलिग्रॅम.

६४ साठ्यात आणि हवेत ०.१२, हा फरक नीट पाहिला की डोस वाढवण्याचा हट्ट सुटतो. हवेतली पातळी ठरते ती फिल्ममधल्या टक्केवारीने. एकूण साठा ठरवतो की ही पातळी किती दिवस टिकेल. आणि साठा बहुतांशी खाऊन टाकतात पिशवीची बाहेरची बाजू आणि आतला माल, बुरशी नव्हे. ६ टक्के डोसने वास मालाला लागला असता, टिकाऊपणा फारसा वाढला नसता. टिकाऊपणा हवा तर भरलेल्या पिशव्या बंद खोक्यात दाटीने ठेवणं जास्त उपयोगी, एका पिशवीतून निसटलेलं शेजारची घेते.

खाद्यपदार्थाला लागणारी फिल्म म्हटली की युरोपातली चौरस डेसिमीटरला १० मिलिग्रॅम ही एकूण स्थलांतराची (फिल्ममधून अन्नात जाणाऱ्या पदार्थांची) मर्यादा आठवते. सोडण्यासाठीच घातलेला सक्रिय पदार्थ तिथे त्या बेरजेत धरत नाहीत, पण खाण्यात जाणारा पदार्थ म्हणून त्याला वेगळे नियम लागतात. आणि ईव्हीए, माती यांची मोजणी करावीच लागते. बाजारपेठ कोणती त्यावर हा भाग आधी तपासायचा, मास्टरबॅच काढल्यावर नव्हे.

जंतुरोधाची चाचणी दोन प्रकारे घ्यायची. आयएसओ २२१९६ या प्रमाणित चाचणीत जिवाणूंचा द्रव फिल्मला थेट चिकटलेला असतो, त्यातून स्पर्शाचा परिणाम कळतो. पिशवीत मात्र माल फिल्मला जागोजागीच टेकतो, म्हणून पेट्री डिशच्या झाकणाला फिल्म लावून खाली आगर ठेवायचं आणि वाफेचा परिणाम वेगळा पाहायचा. दोन्ही चाचण्या ०, ७ आणि २१ दिवसांनी. पहिल्या दिवसाची एकटी चाचणी कुणी दाखवली तर तिच्यावरून काही ठरवू नये.

उरलेली दुखणी

पांढऱ्या फिल्मची मागणी आली तेव्हा टायटॅनियम डायॉक्साइडचा मास्टरबॅच बाहेरच्या थरात घातला आणि आठवड्याभरात रोल फिकट पिवळा झाला. फिनॉल आणि टायटॅनियमच्या पृष्ठभागाचं हे जुनं वैर आहे, साध्या फिनॉलिक अँटिऑक्सिडंटनेही असं होतं. वर पाहिलंच की थर वेगळे केले तरी कार्व्हाक्रॉल दिवसभरात तिकडे पोचतं. पृष्ठभागावर सिलिका-ॲल्युमिनाचा दाट लेप असलेल्या टायटॅनियमने पिवळेपणा कमी होतो, जात नाही. पांढरा रंग छपाईतून द्यावा, तोही फक्त बाहेरच्या बाजूला. लोखंडाचे कण असतील तर डाग गडद पडतात, म्हणून झिजलेला स्क्रू या कामाला लावू नये.

कडांचं कापण पुन्हा मधल्या थरात घालता येतं, पण त्यात किती उरलंय ते मोजून. १० टक्क्यांच्या वर गेलं की एकूण आकडा डगमगतो. आणि काम संपल्यावर लाइन साध्या एलडीपीईने वास जाईपर्यंत धुवायची. बबलच्या आतली हवा, नुसती डायची नव्हे, बदलली पाहिजे. ती तशीच राहिली की पुढच्या ऑर्डरच्या पहिल्या रोलला ओरेगॅनोचा वास येतो आणि तो रोल परत येतो.